दोन मिनिटं थांबणारी गाडी आणि साडेअकरा हजारांची कॅसेट

आमच्याकडे व्हिडिओ गेमच्या कॅसेटला कार्ट्रिज कुणी म्हणायचं नाही. कॅसेटच. वर नव्व्याण्णव लाख गेम छापलेले, आत फिरवून फिरवून तेच वीस, आणि चालली नाही की फुंकर मारायची. (फुंकरेतल्या ओलाव्यानं टोकं गंजतात हे फार उशिरा कळलं.) सांगलीत गावभागातल्या घरी जिन्याखालच्या ट्रंकेत त्या पडून होत्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं आणि ट्रंकेसकट सगळ्यांचा चिखल झाला. नकली मालच तो, पण तेव्हापासून एक तरी अस्सल कॅसेट आपल्याकडे असावी असं डोक्यात बसलं. माणूस फसतो तो अशाच हौसेपायी.

मला हवा होता अर्थबाउंड नावाचा गेम. जपानमध्ये हा 1994 साली ‘मदर 2’ नावानं आला, अमेरिकेत पुढच्या वर्षी अर्थबाउंड म्हणून. लिहिला शिगेसातो इतोई यांनी, मूळचे जाहिरातींचे मजकूर लिहिणारे गृहस्थ. तलवारी आणि राजवाड्यांऐवजी यात बेसबॉलची बॅट घेतलेला एक पोरगा, हॅम्बर्गर आणि एटीएम. पोराचे वडील अख्ख्या गेममध्ये दिसत नाहीत, फक्त फोनवर बोलतात. खात्यात किती पैसे टाकले ते सांगतात, आणि त्यांना फोन केला तरच गेम सेव्ह होतो. माझे वडील अकरा वर्षं मस्कतला होते. शेजारच्या काकूंच्या फोनवर रविवारी बोलायचे, ड्राफ्ट पाठवल्याचं सांगायचे आणि ठेवून द्यायचे. तेव्हा हा गेम मला का हवा होता, हे वेगळं सांगत बसत नाही. कॉलेजात असताना कॉम्प्युटरवर निम्मा खेळलो होतो, तेवढ्यात रूममेटनं हार्डडिस्क फॉरमॅट मारली.

दोन वर्षांपूर्वी मावसभावानं अमेरिकेतून हा गेम ज्यावर चालतो ते जुनं यंत्र, सुपर निन्टेंडो, आणून दिलं. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, भंगारात जाणारा डबा टीव्ही वाचवला. राहिली कॅसेट. जुन्या गेमवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं फोटो टाकला: ‘अर्थबाउंड, ओरिजिनल, एकच पीस.’ किंमत साडेअकरा हजार. आता गंमत बघा. बाहेर याची सुटी कॅसेटच दोनशे डॉलरच्या वर जाते. त्यानं तीन हजार सांगितले असते तर मी तिथंच ओळखलं असतं. साडेअकराला वाटलं, बिचाऱ्याला पैशाची नड असेल.

बोलायला इतका गोड. “दादा, मी रविवारी सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला चाललोय. सांगली स्टेशनवर हातात देतो, कुरिअरची भानगडच नको.” मला हे विश्वासाचं वाटलं. समोरासमोर व्यवहार, आणखी काय पाहिजे? मिरजेला गाडी निवांत थांबते, सांगलीला दोन मिनिटं, आणि तरी त्यानं सांगलीच का धरली, हे तेव्हा सुचलं नाही. गाडी आली, खिडकीतून हात आला, हातात बबल रॅपचं पुडकं. “स्कॅन करा दादा पटकन, गाडी सुटंल.” यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं. विचारेपर्यंत तो म्हणाला, “मिसेसचं खातं.” मी पिन टाकला. गाडी हलली. पुडकं मी घरी येऊन सोडलं.

आणि कॅसेट चालली! हेच तर सांगायचंय. पहिल्या झटक्यात चालली, म्हणून मी पाच महिने गाफील राहिलो. रोज रात्री जेवणं झाली की तासभर. मुलगी येऊन विचारायची, “तुमच्या बाबांना फोन झाला का?” शत्रू मात्र बेसुमार येत होते. गल्लीच्या तोंडाशी सात-आठ जण उभेच. मला वाटलं, जुने गेम असेच कडक असायचे.

शेवटच्या लढाईत, गिगासच्या समोर, चित्र गोठलं. आवाज नाही, बटण नाही. पंधरा मिनिटं वाट पाहिली आणि रिसेट दाबलं. सेव्हच्या तिन्ही जागा रिकाम्या.

सेव्ह टिकवून ठेवणारा कॅसेटमधला सेल संपला असेल म्हणून मारुती रोडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. या कॅसेटचे स्क्रू आपल्या पेचकसानं निघत नाहीत, डोकं निराळंच असतं. त्यानं बॉलपेनच्या प्लॅस्टिकचं टोक लायटरवर मऊ केलं, स्क्रूवर दाबून धरलं, गार होऊ दिलं आणि फिरवलं. निघाला की! आत सर्किटची हिरवी कोरी पट्टी. खऱ्या पट्टीवर निन्टेंडोचं नाव आणि एसएचव्हीसीपासून सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो, सेल पत्र्याच्या पट्ट्यांना डाग देऊन बसवलेला असतो. इथं नाव नाही, गाव नाही, आणि सेल चिकटपट्टीनं अडकवलेला. “साहेब, ह्यो माल दोनशेचा बी न्हाई,” तो म्हणाला, आणि वर पैसेही घेतले नाहीत.

मग शोधाशोध केली तेव्हा कळलं, की हे सेलचं काम नव्हतंच. नक्कल ओळखायच्या तपासण्या गेम बनवणाऱ्यांनी आतच पेरून ठेवल्यात. पहिल्या तपासणीत नक्कल पकडली गेली तर थेट इशाऱ्याचा पडदा येतो. नक्कलवाले तेवढा काढून टाकतात आणि खूश होतात. आतल्या तशाच राहतात. त्या शत्रूंची संख्या वाढवतात, आणि तरीही कुणी नेटानं शेवटपर्यंत पोचलाच, तर ऐन लढाईत गेम गोठवून सगळं पुसतात. सापळा लावला चोरासाठी, अडकलो मी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली. पण हा नंबर पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात फिरवायचा असतो. पाच महिन्यांनी खात्यात काय उरणार? विकणाऱ्याचा नंबर बंद होता.

नक्कल कॅसेट विकत घेणंच मूर्खपणाचं, असं मी म्हणत नाही. नक्कल म्हणून, नकलेच्या भावात कुणी देत असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. नुसता खेळायचाच असेल तर 2022 पासून हा गेम निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर वर्गणी भरून मिळतो. पण अस्सलचे पैसे मोजणार असाल तर कॅसेट उघडून आतल्या पट्टीचा फोटो मागा, त्यात तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. खरा विकणारा कुरकुर करेल, पण देईल. आणि गाडीच्या खिडकीतून काहीही घेऊ नका, भडंगसुद्धा.

परवा दुसऱ्या एका ग्रुपवर तोच फोटो दिसला. तेच निळ्या फुलांचं मेणकापड, कोपऱ्यात तोच अर्धा अंगठा. नाव नवीन, नंबर नवीन, किंमत साडेबारा. खाली लिहिलंय: ‘एकच पीस. रविवारी सकाळी कराड स्टेशनवर हातात मिळेल.’