ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी : ठिबकण्या-पाझरण्याच्या शब्दांवर तपासून बघितली

ज्यांना रोज इंग्रजीतून मराठीत काहीतरी आणावं लागतं, दवाखान्याची माहितीपत्रकं म्हणा, पंपाची मॅन्युअल्स म्हणा, शेतीची पत्रकं म्हणा, त्यांच्यासाठी मुख्यतः हा रिव्ह्यू. डिक्शनरीबद्दल लिहिताना लोक शब्द किती आणि किंमत किती एवढंच बघतात. माझी कसोटी वेगळी आहे. अर्थाने एकमेकांना खेटून असलेले पाच-सहा शब्द घ्यायचे आणि डिक्शनरी ते सुटे करून देते का बघायचं. माझे ठरलेले शब्द म्हणजे ड्रिप, ट्रिकल, सीप, ऊझ, ड्रिबल आणि लीक. सगळ्यांत पाणी, रक्त, तेल, पू, लाळ असं काहीतरी थोडंथोडं, बहुतेक वेळा हळूहळू येत असतं आणि तरी यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी टाकला की वाक्य बिघडतं.

मोबाइलवरच्या फुकट इंग्रजी-मराठी अ‍ॅपमध्ये यातला कुठलाही शब्द टाका, झिरपणे, पाझरणे, गळणे, ठिबकणे अशी तीच यादी थोडी मागेपुढे करून येते. शब्द चुकीचे नाहीत, पण कुठला कधी वापरायचा ते कोण सांगणार? परीक्षेपुरतं ठीक आहे, ऑपरेशन होऊन घरी निघालेल्या पेशंटच्या हातात जो कागद जातो त्यावर हे चालत नाही.

ऊझ घ्या. ऑक्सफर्ड सुरुवातीलाच सांगते की हा दाट द्रवाचा शब्द आहे, दाट काहीतरी कुठूनतरी हळूहळू बाहेर येतं ते, आणि उदाहरणं देते ती जखमेची, रक्ताची, पुवाची. एवढं कळलं की पुढचं काम निम्मं होतं. पत्रकात लिहिलेलं असतं की टाक्यांमधून ऊझिंग दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, आणि तिथे कोणी "टाक्यांमधून द्रव झिरपत असल्यास" असं लिहून ठेवलं की गावाकडच्या आजीला काही बोध होत नाही, तिला वाटतं अंघोळीचं पाणी लागलं असेल, वाळेल आपोआप. आपल्याकडे बायामाणसं काय म्हणतात? टाक्यातनं लस येतेय, पू येतोय, चिकट पाणी येतंय. तेच लिहायचं, तेवढ्याच साध्या भाषेत.

सीप याच्या अगदी शेजारचा, पण त्यात दाटपणाला महत्त्व नाही, वाटेला आहे. कापडातून, मातीतून, भिंतीतून, बारीक छिद्रांतून वाट काढत येणं म्हणजे सीप. टाक्यातून येतंय ते ऊझ, आणि तेच रक्त ड्रेसिंगच्या थरांतून येऊन वरच्या पट्टीवर डाग दिसायला लागला की ते सीप. एकाच जखमेवर दोन्ही होतं. मला या डिक्शनरीचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटतं, कारण सीपपुढे व्याकरणाची छोटी खूण असते, तिच्यावरून कळतं की या क्रियापदाला कर्म लागत नाही पण थ्रू, इंटू, आउट ऑफ असं काहीतरी सोबत लागतं, म्हणजे कशातून किंवा कुठे ते सांगावं लागतं. बहुतेक लोक त्या खुणा वाचतच नाहीत, डायरेक्ट अर्थावर उडी मारतात. कृपा करून वाचा, अर्धा अर्थ तिथेच असतो.

आणखी एक गोष्ट उदाहरणं लक्ष देऊन वाचली की कळते. ड्रिप आणि लीक या दोघांचा कर्ता पाणीही होऊ शकतं आणि नळ किंवा छप्परही. मराठीतही तसंच आहे, पाणी गळतं आणि पत्राही गळतो. ऊझमध्येही तसंच, पू येतो किंवा जखमच ऊझ होते. पण सीपमध्ये कर्ता सहसा ते पाणीच, भिंत सीप होते असं म्हणत नाहीत. हे कुठे नियम म्हणून लिहिलेलं नसलं तरी चार उदाहरणं ओळीने वाचली की डोक्यात बसतं, आणि विद्यार्थ्यांच्या वाक्यांत नेमकी हीच चूक सारखी दिसते.

लीकच्या अर्थात बारीक भोक किंवा भेग आहे, जिथून यायला नको तिथून येणं. हा फरक आपल्याकडे किती महत्त्वाचा आहे ते धरणांच्या कागदांवरून कळतं. मातीच्या धरणातून थोडं सीपेज होणार हे डिझाइनमध्येच धरलेलं असतं, त्यासाठी आत वाळूचं फिल्टर आणि ड्रेन ठेवतात, खालच्या बाजूला व्ही-नॉचवर, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेतून वाहू देऊन, ते पाणी मोजतात, आणि ते अचानक वाढलं किंवा गढूळ यायला लागलं की मग काळजी. लीकेज म्हटलं की दोषच. पेपरात मात्र दोन्हीला सरसकट "धरणाला गळती" छापतात, त्यामुळे कधी लोक उगाच घाबरतात आणि कधी खरी गळतीसुद्धा नेहमीचीच समजून सोडून देतात, जे जास्त वाईट. आणि पाणी जमिनीत मुरावं म्हणून मुद्दाम बांधतात त्याला इंग्रजीत परकोलेशन टँक, आपल्याकडे पाझर तलाव, 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांतून असे कितीतरी झाले. पाझर हा त्या जागी इतका चपखल शब्द आहे की तो ज्यांनी रुळवला त्यांना मी मनापासून मानते.

ड्रिप म्हणजे थेंब, मग थेंब, मधे गॅप. ट्रिकल म्हणजे बारीक धार, सुटी न होता उतरत जाणारी, गालावरचे अश्रू, पाठीवरचा घाम, मराठीत ओघळणे. सलाईनच्या बाटलीखाली जो छोटा चेंबर असतो त्यात थेंब सुटे पडताना दिसतात, साध्या सेटला 20 थेंबांचा एक मिली आणि मायक्रो सेटला 60 थेंबांचा, नर्स घड्याळ लावून मोजतात, म्हणून ते ड्रिप. इंग्रजीत ठिबक सिंचनाला ट्रिकल इरिगेशन असंही म्हणतात, पण शेतात ड्रिपरखाली बसून बघा, ड्रिपर थेंबच टाकतो, त्यामुळे ड्रिप आणि ठिबक हीच जोडी पक्की.

ड्रिबल म्हणजे हनुवटीवर लाळ गळणं, शिवाय फुटबॉल-हॉकीतलं ड्रिबल. अमेरिकन माणूस लाळेसाठी ड्रूल म्हणेल.

ही डिक्शनरी यात इतकी सरस का, याचं कारण ती मुळात शिकणाऱ्यांसाठी केलेली आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तिथल्या मुलांच्या अडचणी बघत काम केलं, 1942 मध्ये टोकियोत ते छापलं गेलं आणि 1948 पासून ऑक्सफर्डने ते पुढे नेलं. अर्थ सांगताना साधारण 3000 नेहमीच्या शब्दांच्या आत राहायचा प्रयत्न असतो, त्यामुळे एका अवघड शब्दासाठी दुसरा अवघड शब्द शोधायला लागत नाही. वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. शब्दाचं मूळही देतात, ऊझ हा जुन्या इंग्रजीत रस, चीक अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय हे वाचलं की त्याचा दाटपणा परत विसरत नाही.

अर्थात मराठी शब्द इथे मिळणार नाही, तो आपणच आणायचा. त्यासाठी मी शेजारच्या टॅबमध्ये मोल्सवर्थ उघडा ठेवते, 1831 चा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. तिथे ठिबकणे, निथळणे, ओघळणे, पाझरणे एकेक करून बघा, इंग्रजी अर्थ उलट्या दिशेने वाचा आणि मग ठरवा. जुनं स्पेलिंग आहे, क्रियापदांच्या शेवटी अनुस्वार लागतो, ठिबकणें असं, तेवढं लक्षात ठेवायचं. या दोघांना एकत्र वापरलं की अडलेला शब्द बहुतेक वेळा सुटतो.

दहावी-बारावीच्या मुलांना आणि एमपीएससीवाल्यांना वेबसाइट पुरे. अनुवादाचं काम करणाऱ्यांनी छापील प्रत घ्यावी असं मला वाटतं, कारण एक शब्द बघताना नजर आजूबाजूच्या शब्दांवर जाते. दहावी आवृत्ती 2020 ची आहे. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करा, आणि आधीची आवृत्ती स्वस्तात मिळत असेल तर तीही बिनधास्त घ्या, या सहा शब्दांचे अर्थ तिच्यातही नीटच दिलेले आहेत.