स्ट्रेस मोजणारा बँड, आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले हा बँड हातात आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आईला अल्झायमर आहे, तिचं सगळं मीच बघते, रात्रीची झोप म्हणजे तुकडे तुकडे, आणि डोक्यात सतत एकच की हे असंच वर्षानुवर्षं चाललं तर उद्या माझीही तीच गत होणार का. जाहिरातीत 'मेंदूचं आरोग्य सांभाळा' असं होतं, तेवढ्यावर घेऊन टाकला.

पहिलं म्हणजे हा कॉर्टिसॉल (ताण आला की शरीरात वाढणारं हार्मोन) मोजत नाही, ते रक्तातून, लाळेतून नाहीतर केसांतून तपासतात. मनगटाखालचा हिरवा लाईट फक्त नाडी बघतो, दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतंय ते, आणि त्यावरून ताणाचा आकडा काढतो. जिना चढला, ताप आला, कॉफी प्यायली तरी आकडा वर जातो.

पण एका गोष्टीसाठी मी ह्याचे खरंच आभार मानते. आईला रोज चारच्या सुमारास 'घरी' जायचं असतं. पिशवीत रुमाल आणि चष्म्याची रिकामी केस भरते, दाराच्या कडीला हात लावून उभी राहते आणि म्हणते अगं मला सोड ना, माझी आई वाट बघत असेल. मला वाटायचं माझी घालमेल तेव्हा सुरू होते. ग्राफ बघितला तर आकडा साडेतीनलाच चढलेला, म्हणजे आई खुर्चीत शांत बसलेली आणि मी कपड्यांच्या घड्या घालतेय तेव्हा! आठवडाभर नीट बघितलं, रोज तेच.

थोड्या वेळाचा ताण शरीर झेलतं, कॉर्टिसॉल वाढतं आणि उतरतं. पण मेंदूतला हिप्पोकॅम्पस, जो नव्या आठवणी बनवतो, तिथे कॉर्टिसॉल पकडणारे रिसेप्टर खूप असतात, ब्रूस मॅकइवेन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने हे १९६८ मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवलं होतं. आणि 'आता पुरे' म्हणून कॉर्टिसॉल खाली आणायला मदत करणाराही हाच भाग, म्हणजे ताण उतरलाच नाही तर ब्रेकच झिजू शकतो. माझं साडेतीनचं ते चढणं बघून हे पहिल्यांदा नीट कळलं.

आता राग कशाचा आला ते. ॲपमध्ये 'मेमरी रिस्क' नावाचा भाग आहे, त्यातून एका पहाटे तीन वाजता मेसेज आला की तुमची स्मरणशक्ती धोक्यात आहे. आईला नुकतंच परत झोपवलं होतं, मी अंधारात तो मेसेज वाचत बसले आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागला नाही. हे फार चुकीचं आहे. स्वीडनमध्ये चौदाशेहून जास्त बायकांचा ३५ वर्षं अभ्यास झाला, त्यात मध्यमवयात ज्यांनी जितक्या जास्त वेळा ताण असल्याचं सांगितलं होतं त्यांच्यात डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) तितका जास्त दिसला, पण संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. लॅन्सेट कमिशन म्हणजे डिमेन्शियावरच्या तज्ज्ञांची समिती, तिच्या २०२४ च्या यादीत डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी आहेत त्यात ताण स्वतंत्रपणे नाहीच, डिप्रेशन, हाय बीपी, व्यायाम नसणं, एकटेपणा हे मात्र आहेत, आणि ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांना सांगायला नको की ताणामागून हे सगळं कसं घरात शिरतं. नाडी बघून एका माणसाचा धोका सांगता येत नाही हो. विसरणं खरंच रोजच्या कामात आडवं येत असेल तर डॉक्टरकडेच जा.

बाकी बॅटरी पाच दिवस चालते, पट्ट्याने उन्हाळ्यात पुरळ येतं.

पाचपैकी तीन स्टार. घेतलात तर तो मेमरी रिस्कवाला भाग पहिल्याच दिवशी बंद करा, आणि रात्री काढून ठेवा. ग्राफ मी ताईला पाठवला होता, तिने काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून सव्वातीनला व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली, ती आईशी तासभर बोलते आणि तेवढ्यात मी चालून येते.