आमच्याच लॉगिनने आम्हाला लुटलं

₹३,१८,६०० गेले. त्यातले ₹४१,२५० कुठल्याशा बँकेत गोठवलेत म्हणे, उरलेले ₹२,७७,३५० एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे फिरून एटीएममधून निघून गेले. आणि जिथे जिथे दाद मागायला गेलो तिथे एकच वाक्य ऐकलं: "अहो, हे तर तुमच्याच लॉगिनने झालंय." ओटीपी मी कुणाला दिला नाही, कुठलं ॲप टाकलं नाही, पासवर्ड कुणाला सांगितला नाही. म्हणून ज्यांना वाटतं की आपण सावध आहोत, त्यांनी हे जरूर वाचावं. मलाही तसंच वाटायचं.

आमचा धंदा छोटा. सांगली-तासगाव पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमधलं तापमान, जनरेटर, नेटची लाइन, हिशेबाचा सर्व्हर यांवर नजर ठेवायची आणि काही बिघडलं की मालकाला उठवायचं. त्यासाठी एका कंपनीकडून वेबवर चालणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घेतलेलं, जीएसटी धरून वर्षाला ₹३८,९४०. ऑफिसच्या टीव्हीवर आणि माझ्या लॅपटॉपवर त्याचं पॅनेल, म्हणजे सगळं दिसतं आणि बदलता येतं ते पान, दिवसरात्र उघडं असतं. मॉनिटरिंग म्हणजे तेच ना? दर अर्ध्या तासाने लॉगआउट होणारं पॅनेल घेऊन काय करायचं? सेशन संपण्याची मुदत आम्ही काढून टाकली होती, म्हणजे बसवायला आलेल्या कंपनीच्या पोरानेच ती काढून दिली होती. हे आधीच लिहून ठेवतो, कारण नंतर त्याच कंपनीने मला यावरून शहाणपण शिकवलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाचा फोन आला. विजयपूरकडे नवीन कोल्ड स्टोअरेज टाकतोय, तुमचं काम ऐकलंय, जरा दाखवाल का. बोलणं अगदी धंद्यातल्या माणसाचं. सीझनच्या तोंडावर असलं गिऱ्हाईक कोण सोडतो? स्क्रीन शेअर करून पॅनेल दाखवलं. त्याला बाकी काही नकोच होतं, वर दिसणारा पॅनेलचा पत्ता तेवढा हवा होता. सॉफ्टवेअर बाजारात मिळतं, त्याचा डेमो कुणालाही मिळतो, आत कुठल्या फॉर्मला काय नाव आहे हे घरबसल्या कळतं. (डेमो दाखवताना ॲड्रेस बार झाका. हे कुणीही सांगत नाही.)

दोन-चार दिवसांनी त्याचा मेल आला: प्लॅन्टचा नकाशा लिंकवर टाकलाय, बघून कोटेशन द्या. मी लिंक दाबली. क्षणभर "लोडिंग" असं फिरलं आणि नकाशाच्या जागी आमचंच पॅनेल उघडलं. युजरच्या यादीचं पान, आणि वर हिरवी पट्टी: बदल जतन झाला.

तो क्षण मी किती वेळा आठवला असेन! गिऱ्हाइकाच्या लिंकवर आपलं पॅनेल का उघडावं? बदल जतन झाला, पण कुठला बदल? मला वाटलं, दुसऱ्या टॅबवर बोट पडलं. माझ्या लॅपटॉपवर एका वेळी वीस-पंचवीस टॅब असतात, त्यांत पॅनेलच्याच पाच-सहा. त्याच मिनिटाला एका स्टोअरेजच्या जनरेटरचा अलार्म वाजत होता. पान बंद केलं आणि त्याला लिहिलं की लिंक चालत नाही. "सॉरी सर, नेटचा प्रॉब्लेम," असं म्हणून त्याने पीडीएफ पाठवली. नकाशा खराखुरा होता, म्हणून शंकाही मिटली. नीच माणूस, पण काम नीटनेटकं.

याला सीएसआरएफ (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी) म्हणतात. पॅनेलमध्ये तुम्ही लॉगिन असता तेव्हा ब्राउझरकडे त्याची कुकी, म्हणजे लॉगिनची खूण, असते, आणि पॅनेलकडे जाणाऱ्या विनंतीला ब्राउझर ती जोडून देतो. विनंती तुम्ही बटण दाबून केली की दुसऱ्याच्या पानाने तुमच्या ब्राउझरकडून करवून घेतली, हे पॅनेलने स्वतः तपासायचं असतं. त्यासाठी प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त टोकन ठेवतात, जे बाहेरच्या पानाला ठाऊक नसतं. आमच्या पॅनेलमध्ये ते नव्हतंच. साहेबांच्या सहीच्या गठ्ठ्यात शिपायाने मधेच एक कागद सरकवावा, तशी ही गत. सही खरी, शिक्का खरा.

कुणी म्हणेल, क्रोमने २०२० पासून दुसऱ्या साइटवरून जाणाऱ्या कुकी रोखल्यात. रोखल्यात, पण पूर्ण नाही. त्या "लॅक्स" म्हणजे सैल नियमात लिंकवरून सरळ पान उघडलं तर कुकी जाते. आमच्या पॅनेलच्या हुशार निर्मात्यांनी नवीन युजर जोडायचं काम फॉर्मनेही होईल आणि नुसत्या पत्त्यानेही होईल, असं बांधलेलं. एका लांबलचक पत्त्यात युजरचं नाव, पासवर्ड आणि "ॲडमिन" हा दर्जा. पत्ता उघडला की युजर तयार. तुमच्या पॅनेलचं हे आजच बघा: युजर जोडताना जी माहिती जाते ती ॲड्रेस बारमध्ये लिहून एंटर मारा. युजर तयार झाला तर ते पॅनेल इंटरनेटवरून आत्ता उतरवा, चहा नंतर प्या.

सीएसआरएफने चोराला तुमचं काही वाचता येत नाही, फक्त तुमच्या हातून करवून घेता येतं. म्हणूनच त्याने आधी स्वतःला ॲडमिन करून घेतलं आणि मग समोरच्या दाराने आत आला. यादीत "सपोर्ट२" असा युजर मला मार्चमध्ये दिसलासुद्धा होता. कंपनीचा सपोर्टवाला "सपोर्ट" नावाने यायचा, दुसरा आला असेल म्हटलं. तुम्हीही तेच म्हटलं असतं.

आत त्याला काय मिळालं? अलर्ट पाठवण्यासाठी दिलेल्या मेलबॉक्सचा पासवर्ड. सेटिंगच्या पानावर नुसते ठिपके दिसतात, पण पानाचा सोर्स (मागचा कोड) उघडला की पासवर्ड उघडानागडा. आणि तो मेलबॉक्स बिलांचाही. छोट्या ऑफिसात दहा मेलबॉक्स कोण ठेवतो? आता ठेवलाय, अलर्टचा वेगळा, ज्यात दुसरं काहीच नाही. त्याने तापमानाचे अलार्म बंद केले नाहीत हे नशीब, नाहीतर कोट्यवधींचा माल खोलीत बसला असता आणि हा मजकूर मी तुरुंगातून लिहिला असता.

मार्चअखेर एका जुन्या गिऱ्हाइकाला ₹२,७०,००० अधिक ₹४८,६०० जीएसटी असं बिल पाठवलं. मागोमाग आमच्याच मेलवरून त्यांना दुसरा मेल गेला: ऑडिटमुळे खातं बदललंय, सुधारित बिल जोडलंय. आमचं लेटरहेड, आमची सही, खाते क्रमांक तेवढा त्याचा. त्यांनी आरटीजीएस केला. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी फोन केला, "अण्णा, तेवढं बिलाचं बघा की."

"बिल? ते तर कवाच भरलंय की वो! तुमच्या नव्या खात्यावर."

बँका आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर टाकतात, नाव जुळवत नाहीत. पैसे टाकण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करा असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, त्याची मुदत १ एप्रिल २०२५. आमचे पैसे गेले मार्चमध्ये! सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तक्रार नोंदवली गेली, त्यातूनच ते ₹४१,२५० अडकले. पैसे गेल्याचं कळलं की आधी हा फोन, बाकीची रडारड नंतर. पण पुढे रविवारी पाडवा, सोमवारी ईद, मंगळवारी बँकांचं वार्षिक खातेबंद.

चोराचं खातं होतं त्या बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, हा व्यवहार गिऱ्हाइकाने स्वतः केलाय, तुम्ही तर आमचे खातेदारही नाही. म्हणजे चोर तुमचा खातेदार, त्याला मान, आणि आम्ही बाहेर उभे.

पोलीस ठाण्यात मी सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या विनंत्यांची नोंद, छापून नेला होता. त्यात ती ओळ सरळ दिसते: कुठल्या वेळी, "सपोर्ट२" आणि त्याच्या पासवर्डसकट, आणि विनंती कुठल्या परक्या साइटवरून आली तिचं नावही, ज्याला रेफरर म्हणतात. साहेबांनी ओळीच्या सुरुवातीचा आयपी, म्हणजे नेटच्या लाइनचा क्रमांक, बघितला. "हा कुणाचा?" आमच्या ऑफिसचा. "मग तुमच्याच ऑफिसातून झालंय. पोरांना विचारा." रेफरर म्हणजे काय ते सांगू लागलो, तर हवालदाराने सुचवलं की पार्टनरशी भांडण आहे का बघा. मला पार्टनर नाही. आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ते बंदोबस्तावर. हद्दीचा प्रश्न निघाला: पैसे गिऱ्हाइकाचे गेले, त्यांचं ठाणं वेगळं. झिरो एफआयआरचं (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायच्या गुन्ह्याचं) नाव काढलं तेव्हा साहेब पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "वकील आहात का?" शेवटी अर्जावर पोच मिळाली. एफआयआर व्हायला पावसाळा उजाडला. त्याच आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली नुकसानभरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांकडे, ॲडजुडिकेटिंग ऑफिसर म्हणून, दावा लावता येतो, पाच कोटींपर्यंत. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, बँकेत नाही, एका वकिलालाही माहीत नव्हतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. लॉग ठेवा, कळवा. ते वाचणारा माणूस मिळेलच असं नाही.

आता सॉफ्टवेअरवाले. त्यांचं उत्तर: "ग्राहकाने अनोळखी लिंक उघडली, सेशनची मुदत काढली, कंपनी जबाबदार नाही." अनोळखी लिंक उघडायची नाही तर कोटेशन द्यायचं कसं? फोनवर त्यांचा इंजिनिअर म्हणाला, सीएसआरएफ आता ओवास्पच्या टॉप टेनमध्येही (वेबसाइटच्या दहा मोठ्या धोक्यांच्या जागतिक यादीत) नाही, जुना विषय आहे. वेगळा क्रमांक म्हणून नाही, बरोबर. २००७ आणि २०१० मध्ये पाचवा होता, २०१३ मध्ये आठवा, २०१७ मध्ये वगळला, कारण बहुतेक फ्रेमवर्कमध्ये (सॉफ्टवेअर ज्यावर बांधतात त्या तयार सांगाड्यांमध्ये) संरक्षण आपोआप येऊ लागलं. तुमच्यात आलं नाही! नॅगिऑससारख्या नावाजलेल्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या ३.०.५ आवृत्तीत हेच भोक २००८ मध्ये जाहीर झालं होतं, आदेश देणाऱ्या फाइलमध्ये. म्हणजे ज्याला मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर विकायचंय त्याला हे ठाऊक असायलाच हवं.

आता आमचं पॅनेल व्हीपीएनच्या (फक्त आपल्याच माणसांसाठीच्या खासगी नेटच्या) आत आहे, आणि ते ज्या ब्राउझरमध्ये उघडतं त्यात मेल उघडत नाही. टीव्हीला फक्त बघायचा अधिकार असलेला युजर. विकत घेताना विचारा: टोकन आहे का, कुकीवर सेमसाइट स्ट्रिक्ट (बाहेरच्या लिंकवरून आलं तर कुकी न पाठवण्याचा कडक नियम) लावता येतं का, नवीन ॲडमिन करताना पासवर्ड पुन्हा मागतं का. उत्तर "सिक्युरिटी ए वन आहे सर" असं आलं तर निघा. आणि गिऱ्हाइकांना आत्ताच लेखी कळवा की आमचं खातं मेलने कधीच बदलत नाही, शंका आली तर जुन्या नंबरवर फोन करा.

गिऱ्हाइकाशी अर्ध्यावर तडजोड झाली. ₹१,५९,३०० त्यांनी पुन्हा दिले, तेवढेच मी सोडले. जीएसटीचे ₹४८,६०० मात्र पूर्ण भरले, सरकारला अर्धं चालत नाही. गोठलेले ₹४१,२५० सुटायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा.

गेल्या महिन्यात पॅनेलची नवी आवृत्ती आली. सोबतच्या टिपेत फक्त "किरकोळ सुधारणा" असं लिहिलंय. मी युजर जोडायचं पान उघडून सोर्स बघितला. फॉर्ममध्ये टोकन आहे, आणि नुसत्या पत्त्याने युजर होत नाही. दोन्ही पानांचे फोटो, जुनं आणि नवं, तारखेसकट तक्रारीला जोडलेत. सोबत त्यांचं नूतनीकरणाचं बिलही, ₹३८,९४०, जे मी भरलेलं नाही.