राइक्सम्युझियम पाहायचे ते कसे

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या, म्हणजे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या, पोटातून सायकलींचा रस्ता जातो. उंच कमानींच्या बोळातून शहरातले लोक कामाला, शाळेला, बाजाराला सायकली हाणत असतात आणि दोन्ही बाजूंच्या काचांमधून त्यांना खालच्या मजल्यावरची दोन प्रशस्त, उजेडाने भरलेली आवारे दिसतात. २००३ साली ही इमारत दुरुस्तीसाठी बंद झाली, तेव्हा सेव्हिलच्या क्रूझ आणि ऑर्तिझ या वास्तुरचनाकारांच्या आराखड्यात या रस्त्याची जागा आक्रसणार असे दिसताच सायकलस्वारांच्या संघटनेने असा काही विरोध केला की आराखडा बदलावा लागला. दहा वर्षांनी, एप्रिल २०१३ मध्ये, राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते संग्रहालय पुन्हा उघडले, ते या रस्त्यासह. राष्ट्रीय ठेवा सांभाळणाऱ्या संस्थेने रोजच्या येण्याजाण्याला वाट करून द्यावी, हे मला आतल्या मांडणीशीही सुसंगत वाटते. इमारत पियेर कॉयपर्स यांची, १८८५ सालची. मनोरे, रंगीत काचा आणि भित्तिचित्रे पाहून कॅथलिक चर्चची आठवण होई; त्यामुळे प्रोटेस्टंट डच राजा तिसरा विल्यम इतका नाराज झाला होता, की या मठात पाऊल टाकणार नाही असे तो म्हणाल्याचे सांगतात.

संग्रहात सुमारे दहा लाख वस्तू असून त्यांपैकी जेमतेम आठ हजार ऐंशी दालनांत मांडलेल्या आहेत. मांडणीचे सूत्र शतकांचे आहे. चित्रे एका मजल्यावर, फर्निचर दुसऱ्यावर आणि शस्त्रे तळघरात, अशी जुन्या पद्धतीची वाटणी इथे नाही. एका शतकातले चित्र, कपाट, बंदूक, चिनी मातीची बशी आणि जहाजाची प्रतिकृती एकाच दालनात शेजारी शेजारी नांदतात. माझ्या मते हेच या संग्रहालयाचे खरे मोठेपण आहे, आणि रेम्ब्रां या डच चित्रकाराचे ‘नाइट वॉच’ पाहून बाहेर पडणारे बहुसंख्य पर्यटक त्यालाच मुकतात.

त्या चित्राला टाळावे असे मात्र मुळीच नाही. रेम्ब्रांने १६४२ साली पुरे केलेले हे चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद असून दुसऱ्या मजल्यावरच्या मानाच्या दालनाच्या टोकाशी, गाभाऱ्यात मूर्ती असावी तसे, ते एकटे आहे. २०१३ च्या फेरमांडणीत आपल्या पूर्वीच्या जागी परतलेली ही एकमेव कलाकृती. चित्रात दिसणारी वेळ रात्रीची नाही; वार्निश काळवंडल्यामुळे पुढे केव्हातरी ते नाव चिकटले. पैसे भरून स्वतःची छबी काढून घेणाऱ्या नागरी पथकाला ओळीत उभे करण्याऐवजी रेम्ब्रांने त्यांच्यात धांदल उडवून दिली: कोणी बंदूक ठासतो आहे, कोणी नगारा वाजवतो आहे आणि गर्दीच्या मधोमध कमरेला कोंबडी लटकवलेली एक सोनेरी मुलगी कुठूनशी उगवली आहे. १७१५ साली हे चित्र नगरभवनात हलवताना भिंतीवर मावेना, म्हणून चारही बाजूंनी कापले गेले. कापलेले तुकडे सापडलेले नाहीत, परंतु कापण्यापूर्वी खेरिट लुंडेन्सने केलेली लहान नक्कल शिल्लक असल्यामुळे २०२१ साली संगणकाच्या साहाय्याने त्या कडा पुन्हा तयार करून काही काळ चित्राला जोडून दाखवण्यात आल्या. २०१९ पासून चित्राचे संशोधन आणि जतन लोकांसमोर, काचेच्या खोलीत चालले आहे. हे काम बंद दाराआड न करण्याच्या निर्णयाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

त्याच दालनात व्हर्मीर या डच चित्रकाराची ‘दूध ओतणारी’ आहे. ‘नाइट वॉच’समोर ती अगदीच लहान: साडेपंचेचाळीस सेंटिमीटर उंच आणि एकेचाळीस रुंद. एक दणकट बांध्याची कामवाली मडक्यातून दूध ओतते आहे, यापलीकडे चित्रात काही घडत नाही. तरीही भिंतीतला खिळा, खिळ्याची सावली, उखडलेल्या गिलाव्याचे भोक आणि पावाच्या कवचावर चमकणारे रंगाचे ठिपके पाहताना पाय निघत नाही. तिच्या कपड्यांतला निळा अफगाणिस्तानातून येणाऱ्या महागड्या लाजवर्दी दगडाचा. तो व्हर्मीरने एका कामवालीच्या वस्त्रावर सढळ हाताने खर्च केला. अलीकडच्या तपासणीत असे दिसले की तिच्या मागच्या भिंतीवर त्याने आधी मडकी टांगण्याची फळी रंगवली होती आणि मग ती पुसून भिंत मोकळी ठेवली. हे कळल्यापासून मला त्या रिकाम्या भिंतीकडे पाहण्यातच अधिक रस वाटू लागला आहे. इथे व्हर्मीरची एकूण चार चित्रे आहेत आणि हाती वेळ थोडा असेल तर बाकी सारे सोडून त्या चौघांपुढे बसावे.

आता वस्तूंकडे वळतो. पेट्रोनेला ऊर्टमन या अ‍ॅमस्टरडॅमच्या धनिक स्त्रीने १६८६ ते १७१० या काळात घडवून घेतलेले बाहुलीघर ही लहान मुलींची भातुकली समजू नये. त्यातली नखाएवढी भांडी खऱ्या चिनी मातीची असून साऱ्या घरावर मिळून झालेला खर्च कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीत गेला, असे मानतात. याकोब अप्पल या चित्रकाराने त्याच काळात या बाहुलीघराचे चित्र काढले. त्यात प्रत्येक खोलीत मेणाच्या बाहुल्या वावरताना दिसतात, आज मात्र खोल्या जवळजवळ ओस आहेत. चित्र नसते तर ते घर एके काळी नांदते होते हे कळले नसते.

नोवाया झेम्ल्या बेटावरच्या वस्तू याहूनही साध्या आहेत. विलेम बारेन्ट्स आणि त्याचे सोबती उत्तर ध्रुवसमुद्रातून पूर्वेकडे जाण्याची वाट शोधत होते; १५९६ साली जहाज बर्फात अडकल्यामुळे लाकडी घर बांधून त्यांनी तिथेच हिवाळा काढला. परतीच्या वाटेवर बारेन्ट्स वारला. ते घर १८७१ मध्ये एका नॉर्वेजियन खलाशाला सापडले, आतल्या भांड्याकुंड्यांसह. त्यात कोरीव छापचित्रांचे गठ्ठे होते, पूर्वेत विकण्यासाठी घेतलेले आणि जवळजवळ तीनशे वर्षे थंडीत गोठून विटेसारखे घट्ट झालेले. पुढे जतनतज्ज्ञांनी त्यांचे कागद सुटे केले. उत्तर ध्रुवसमुद्रातल्या स्पिट्सबर्गेन बेटावर देवमासे मारायला गेलेल्या डच खलाशांच्या कबरींमधून निघालेल्या विणलेल्या लोकरी टोप्याही इथे आहेत. थंडीसाठी माणसे इतकी गुरफटलेली असत की नुसते डोळे दिसत, आणि कोण कोणता हे टोपीच्या पट्ट्यांवरून ओळखले जाई. सेनापतींच्या तलवारींपेक्षा या टोप्या मला जवळच्या वाटल्या.

डच समृद्धीचा मोठा भाग आशियातून आला आणि संग्रहालय ते लपवत नाही. हुगळीच्या डच वखारीचे हेन्द्रिक व्हान स्खाउलेनबुर्खने १६६५ साली काढलेले भले मोठे चित्र त्या दृष्टीने मुद्दाम पाहावे. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेल्या स्वतंत्र आशियाई दालनात चोळकाळातला सुमारे दीड मीटर उंचीचा नटराज आहे. रॉटरडॅम बंदरात मालट्रकांच्या तपासणीसाठी असलेल्या यंत्रातून त्याची क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा तो आतून पोकळ नसून भरीव असल्याचे निष्पन्न झाले. उत्सवात फुलांनी झाकून मिरवायची ही मूर्ती इथे उघडी, निःशब्द उभी आहे. मांडणी देखणी आहे. तिच्यापुढे मला थोडे अवघडल्यासारखे झाले, हेही खरे.

मराठी माणसासाठी इथला सर्वांत मोलाचा कागद बहुधा भिंतीवर दिसणार नाही. अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर निकोलास वित्सेन याच्या संग्रहातल्या, गोवळकोंड्यात रंगवलेल्या हिंदी राजपुरुषांच्या चित्रसंचात छत्रपती शिवाजी महाराजांचेही चित्र आहे. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, महाराजांशी त्यांचा व्यवहारही होता; तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात मुरलेल्या गृहस्थाला दख्खनच्या राजांचे चेहरे हवेसे वाटले, यात नवल नाही. कागदावरची चित्रे उजेडाने फिकी पडतात, म्हणून ती कायम मांडून ठेवत नाहीत. मात्र संग्रहालयाच्या संकेतस्थळावर लाखो कलाकृतींची उत्तम दर्जाची छायाचित्रे विनामूल्य उतरवून घेता येतात. ही सोय मी या संग्रहालयाच्या गुणांत फार वर धरतो, कारण ती साताऱ्याच्या विद्यार्थ्यालाही तितकीच खुली आहे.

व्यवहाराचे सांगायचे तर संग्रहालय वर्षाचे सर्व दिवस सकाळी नऊ ते पाच उघडे असते, तिकीट २५ युरोंच्या आसपास आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. तिकीट वेळ ठरवून आधीच घ्यावे. मधल्या रस्त्यामुळे इमारतीचे दोन भाग पडलेले असल्याने खालच्या मजल्यांवर एका बाजूकडून दुसरीकडे जाताना नवखा माणूस हमखास चुकतो. नकाशा हाती असू द्यावा. नऊला दार उघडताच थेट दुसऱ्या मजल्यावर जाऊन व्हर्मीर गाठावा, मग बाहुलीघर आणि जहाजे, दुपारी आशियाई दालन, आणि ‘नाइट वॉच’ साडेचारनंतर, पर्यटकांचे जथे परतू लागले की. बाहेरची बाग विनामूल्य आहे. सोबतचे कोणी दालनांना कंटाळले तर त्यांना तिथे बसवून पुन्हा आत जावे.