कागद दाखवून विकलेली प्रवाळे : माझी दोनदा झालेली फसवणूक

पुण्यातील माझ्या घरी सहा वर्षांपासून खाऱ्या पाण्याची 200 लिटरची टाकी आहे. 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या मालवणच्या समुद्रात पाण्याखाली डोके घालून पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिले, तेव्हापासून हा छंद जडला, आणि इतकी वर्षे झोअँथिड व लेदर यांसारख्या मऊ प्रवाळांवर मी समाधानी होतो. गेल्या वर्षी मात्र कठीण प्रवाळांच्या मोहात पडून मी एका विक्रेत्याच्या हाती 41,000 रुपये घालवले. रक्कम लहान नाही. तरीही हे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. या व्यवहारात फसवला गेलेला माणूसच कायद्याच्या दृष्टीने आरोपी ठरू शकतो, आणि फसवणारा नेमक्या त्याच भीतीवर पुन्हा पैसे उकळतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तर मी वाचलो असतो.

विक्रेत्याचा नंबर एका ओळखीच्या माणसाकडून मिळाला. त्याने निळ्या प्रकाशात डोलणाऱ्या टॉर्च आणि हॅमर प्रवाळांचे व्हिडिओ पाठवले. ती इंडोनेशियात शेती करून वाढवलेली आहेत, आपल्याकडे साइट्सचा, म्हणजे संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना आहे, आणि अमेरिकेत तर संकटग्रस्त यादीतली प्रवाळेसुद्धा लोक घरी ठेवतात, असे त्याने छातीठोकपणे सांगितले. यातले शेवटचे विधान अर्धे खरे असल्यामुळेच मी फसलो. अमेरिकेने 2014 साली 20 प्रवाळ प्रजातींना ‘थ्रेटन्ड’ हा दर्जा दिला, आणि त्यांत युफिलिया पॅराडिव्हिसा ही फ्रॉगस्पॉन नावाच्या कठीण प्रवाळाच्या कुळातली, छंदाच्या बाजारात चालणारी प्रजातीही आहे. पण तिथल्या कायद्यानुसार ‘एन्डेंजर्ड’ प्रजातीला जी विक्रीबंदी आपोआप लागू होते, ती ‘थ्रेटन्ड’ प्रजातीला होत नाही. त्यासाठी वेगळा नियम करावा लागतो. तिथल्या या फटीचा आपल्याशी काहीही संबंध नाही.

आपल्याकडे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची 1 मध्ये प्रवाळे आहेत, आणि तीही एकेका प्रजातीच्या नावाने नव्हे. रीफ बांधणारी सर्व स्क्लेरॅक्टिनिया (म्हणजे कठीण प्रवाळे), काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे असे गटच्या गट तिथे नोंदलेले आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत. त्यामुळे ‘ही ती प्रजाती नव्हेच’ ही पळवाट इथे उरत नाही. अनुसूची 1 संबंधीच्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांचा कारावास, शिवाय किमान 25,000 रुपये दंड आहे. हे सारे मी पैसे दिल्यानंतर वाचले, याची मला आजही खंत वाटते.

पाच नगांचे 23,000 रुपये आगाऊ घेऊन त्याने थर्माकोलच्या खोक्यात माल पाठवला. रात्री एकेक नग पाण्याशी जुळवून घेत असताना मेंदूसारख्या वळ्या असलेला एक गोळा मी हातात उलटा केला. शेतीत वाढवलेले प्रवाळ चिनी मातीच्या किंवा सिमेंटच्या छोट्या बुंध्यावर लावलेले असते आणि त्याचा पाया बुंध्यावर पसरून घट्ट धरलेला असतो. इथे बुंधा होता, पण त्यावर पांढऱ्या गोंदाचा ताजा थर होता. आणि गोंदाच्या कडेला छिन्नीने तोडल्यासारखा खडबडीत काप, त्यात किड्यांच्या चुनखडी नळ्या आणि नखाएवढा लाल स्पंजाचा तुकडा दिसत होता. कोणत्या तरी समुद्रातून ते फोडून आणलेले होते. असे गोळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माझ्या मुठीएवढा तो तुकडा तयार व्हायला किती वर्षे लागली असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी परवान्याची प्रत नीट वाचली. पैसे देण्याआधी ती मोठी करून वाचायला पाच मिनिटेही लागली नसती. साइट्सचा निर्यात परवाना सहा महिन्यांपुरताच वैध असतो आणि त्यावर आयातदाराचे नाव, प्रजाती, नगांची संख्या व माल रानटी की पैदाशीचा हे दाखवणारे अक्षर असते. माझ्याकडच्या प्रतीवरची मुदत केव्हाच संपलेली होती, आयातदार परराज्यातला कोणी वेगळाच होता, आणि मी घेतलेल्या पाचांपैकी एकही प्रजाती त्यावर नव्हती.

मी विचारणा केली तेव्हा विक्रेता मुळीच गडबडला नाही. 2024 च्या नियमांनुसार विदेशी जिवंत प्राण्यांची सरकारी पोर्टलवर नोंदणी होते, 18,000 रुपयांत ती करून देतो, मग सगळे कायदेशीर होईल, असे तो म्हणाला. मी घाबरून तेही पैसे दिले. आठ दिवसांनी नुसत्या भरलेल्या अर्जाचे चित्र आले. पैसे परत मागितल्यावर त्याचे उत्तर आले, “साहेब, माल तुमच्या टाकीत आहे, माझ्याकडे नाही. तक्रार करून बघा, आधी कोणाच्या दारात येतील ते.”

मी पंधरा दिवस गप्प राहिलो. ती चूक सगळ्यात मोठी. अखेर एका वकील मैत्रिणीला सगळे संदेश दाखवले. ती नोंदणी अनुसूची 4 मधील, म्हणजे साइट्सच्या याद्यांतल्या, प्रजातींसाठी असते, ती ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्यानेच करायची असते, आणि एखादी प्रजाती अनुसूची 1 मध्येही असेल तर तिला अनुसूची 1 च्याच तरतुदी लागू होतात, हे तिने मला समजावले. म्हणजे माझ्या हातात पडलेला अर्ज मंजूर झाला असता तरी निरुपयोगीच होता. तिच्या सल्ल्याने मी पैसे भरल्याच्या पावत्या, संदेश आणि परवान्याची प्रत यांसह वन विभागाकडे लेखी निवेदन दिले आणि पाचही नग स्वाधीन केले. त्यांपैकी तो मेंदूसारखा गोळा तोवर मेला होता. मी तो टाकून दिला नव्हता, कारण मृत प्रवाळालाही हाच कायदा लागू आहे. पंचनाम्यात त्याची नोंद झाली : “प्रवाळाचा सांगाडा, एक नग.” मी त्याखाली सही केली.