धूळघाटातून की सोनाळ्यावरून? अकोट-खंडवा रेल्वे आणि कोरकूंचा मुलूख

आमच्याकडे सध्या दोन निवेदनं फिरताहेत आणि दोन्हीकडचे कार्यकर्ते चहाच्या वेळेलाच सही मागायला येतात, म्हणून हे लिहितोय. अकोला-अकोट ब्रॉडगेज 2022 च्या नोव्हेंबरात सुरू झालं, त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. भांडण अकोटहून खंडव्याकडे जाणाऱ्या पुढच्या तुकड्याचं आहे. जुन्या मीटरगेजच्याच वाटेनं वान रोड, धूळघाट करत मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जायचं, की हिवरखेडनंतर वळून सोनाळा, जामोदकडून जंगलाला वळसा घालत मध्य प्रदेशातल्या तुकईथडला निघायचं? मी एकावर सही करून मोकळा झालो आहे.

जुन्या मार्गाची बाजू आधी सांगतो, कारण ती ऐकताना माणूस विरघळतो. धूळघाटला रूळ गोल फिरून स्वतःच्याच वरून जायचे. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण मेळघाटातल्या कोरकू आदिवासी माणसाला त्या वळणाचं कौतुक नव्हतं, गाडी थांबायची याचं होतं. बाया सीताफळाच्या टोपल्या घेऊन अकोटच्या बाजारात उतरायच्या. दिवाळीनंतर अख्खी घरं कुलूप लावून हरभरा सोंगायला खाली यायची आणि होळीला काहीही करून परत जायची, कारण होळीला घरी नसलेला कोरकू म्हणजे काहीतरी बिनसलेलंच. 2017 सुरू होताच गाडी बंद पडली आणि ते सगळं ओझं काळीपिवळीच्या टपावर गेलं.

वळसा साधारण तीसेक किलोमीटरनं लांब पडतो. खंडव्याच्या पुढे जाणाऱ्याला ते टोचेल, आपल्याला फारसं नाही. जमीन मात्र टोचते. सोनाळा पट्ट्यात माझ्या मावसभावाचा संत्र्याचा बगीचा आहे आणि माझी सही कुठे गेली हे कळल्यापासून तो फोनवर फक्त ‘हं’ म्हणतो. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

आता माझं घोडं जिथे अडलं ते. मी बरीच वर्षं अकोटहून वरच्या गावांना किराणा पोचवायचो. घाटातल्या एका नाक्यावर अंधार पडला की बांबू आडवा व्हायचा. नियम वाघासाठी, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा होळीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या गाडीमागे मजुरांनी भरलेली एक जीप अडकली. मजुरीत मिळालेला हरभरा गोणीत, नवी प्लास्टिकची बादली, बादलीत पोरांचे कपडे, वरून लुगड्याची गाठ. नाक्यावरचा पोरगा वहीत नंबर लिहीत म्हणाला, “सकाळी या, मी काय करू?” तोही कोरकूच. सगळे तिथंच दगडावर बसून राहिले आणि वर डोंगरात त्यांच्या गावची होळी त्यांच्याशिवाय पेटली.

त्या जंगलात प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते. रस्त्याचा खड्डा असो, विजेचा खांब असो, टॉवर असो, फाईल फिरतच राहते. रेल्वेचंही तेच झालं. अकोटपर्यंत रूळ आले आणि पुढे इतकी वर्षं वाद, कोर्ट, पत्रं. 2021 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मार्ग बाहेरून न्यावा असं रेल्वेमंत्र्यांना लिहिलं होतं. उद्या समजा आतून परवानगी मिळालीच, तरी वेगाला बंधन येईल, रात्रीला बंधन येईल, आणि धूळघाटला थांबा मिळेल याची खात्री कोण देतंय? कर्नाटकात बंदीपूरच्या रस्त्यावर 2009 पासून रात्रीची वाहतूक बंद आहे, हे लक्षात असू द्या. गाडी कोरकूंच्या दारावरून जाईल आणि कोरकू फाटकापाशी उभा राहून डबे मोजेल, अशी मला तरी धास्ती वाटते.

दुसरं म्हणजे, ज्यांच्या नावानं जुना मार्ग मागतात त्यातले कितीतरी आता तिथं राहिलेलेच नाहीत. केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड ही गावं वाघासाठी उठवून खाली सपाटीवर बसवली. 2019 च्या जानेवारीत काही लोक परत केलपाणीकडे गेले, तेव्हा वनखात्याच्या लोकांशी चकमक झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. माणसांना राहू दिलं नाही त्या जंगलातून रेल्वे न्यायची, हे त्या लोकांच्या तोंडावर कोण सांगणार? त्यांना आज जवळचं स्टेशन पाहिजे ते हिवरखेड-सोनाळ्याकडचंच. शिवाय जळगाव जामोदच्या डोंगरकडेला भिंगारा, चाळीसटापरीसारखी आदिवासी गावं आहेत, त्यांच्या वाट्याला आजवर रेल्वे आलीच नाही.

वळशानंही जंगल पूर्ण सुटत नाही, अंबाबरवा अभयारण्याची कड जवळच आहे. आणि तुम्ही खुद्द धूळघाटचे किंवा रत्नापूरच्या बाजूचे असाल, तर जुन्या मार्गावर सही करा, मी वाद घालणार नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं.

बाकीच्यांनी वळशाच्या कागदावर सही करताना खाली हातानं दोन ओळी लिहून घ्याव्यात, मी लिहिल्या आहेत: सोनाळ्याला पॅसेंजरचा थांबा, आणि धूळघाटहून गाडीच्या वेळेला मिळेल अशी एसटी. कार्यकर्ता म्हणेल, जागा नाही. मागच्या पानावर भरपूर जागा आहे.