पावणेसहा किलोचा पॉम, अनगोळच्या काकूंकडून

नवीन घर शोधणारी कुत्री सांभाळणाऱ्या, बेळगावातल्या अनगोळच्या एका काकूंकडून आम्ही पॉमेरेनियन घेतला. आधीच्या मालकांना दुकानदाराने "टॉय आहे, मांडीवरच राहील" म्हणून गळ्यात मारलेला. वाढला तसा नकोसा झाला.

जातीच्या अमेरिकन मानकात वजन साधारण दीड ते सव्वातीन किलो. आमचा पावणेसहा! पण यात नवल नाही. पॉमचे पूर्वज मोठे स्पिट्झ, म्हणजे टोकदार कानांचे केसाळ कुत्रे, त्यामुळे एखादं पिल्लू त्यांच्यावर जातं. राणी व्हिक्टोरियाने 1888 साली इटलीतून आणलेला मार्को नावाचा पॉमही साडेपाच किलोच्या आसपास होता. शिवाय आपल्याकडे इंडियन स्पिट्झ सर्रास पॉम म्हणून खपवतात. काकूंनी स्वतःच सांगितलं, "कागद नाहीत, मिसळ असंल. पटत असंल तर न्या." हा रोखठोकपणा आवडला.

देण्याआधी त्यांनी त्याचा मागचा पाय हळू वाकवून गुडघ्याची वाटी सरकते का ते डॉक्टरांकडून आमच्यासमोर तपासून घेतलं. या जातीत ते दुखणं फार. श्वासनलिकाही नाजूक, म्हणून गळपट्टा नको, छातीचा पट्टाच वापरा म्हणाल्या. पैसे फक्त लसींचे घेतले.

तक्रार एकच: फोन उचलत नाहीत, संध्याकाळी थेट जावं लागतं. आणि बेळगावच्या पावसात एवढी लोकर वाळवणं म्हणजे उद्योगच आहे, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. लहान पोरं असलेल्या घराला हाच आकार बरा, उडी मारली तरी लगेच हाड मोडायची धास्ती नाही. पाचपैकी साडेचार.